खडकवासला धरण किती जुने, हा प्रश्न अपुरा का आहे

दर वर्षी जुलै महिना निम्मा सरला की पुण्यात एक बातमी ठरलेली असते: खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली, नदीकाठच्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा. या बातमीपाठोपाठ मोबाइलवर संदेश फिरू लागतात. धरण ब्रिटिशांच्या काळातले आहे, त्याचे आयुष्य कधीच संपले आहे, ते गळते आहे, एक दिवस १९६१ सारखेच होणार आहे. त्यावर दुसरीकडून तितक्याच ठामपणे उत्तर येते की जुने बांधकाम आजच्या सिमेंटपेक्षा मजबूत असते आणि दीडशे वर्षे जे हलले नाही ते आता काय हलणार. दोन्ही बाजू वय या एकाच आकड्यावर उभ्या आहेत, आणि धरणाच्या बाबतीत हा आकडा वाटतो तितके सांगत नाही. काय पाहिले म्हणजे जुन्या धरणाची प्रकृती कळते, ती कोण पाहते आणि त्यातले सामान्य नागरिकाला काय विचारता येते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी धरणाची ओळख

खडकवासल्याचे धरण मुठा नदीवर १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेले. कॅप्टन फाइफ या लष्करी अभियंत्याच्या नावावरून त्याच्या जलाशयाला पूर्वी फाइफ तलाव म्हणत. भिंत दगडी असून तिची उंची सुमारे ३३ मीटर, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीइतकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०३ मध्ये, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे याच धरणावर बसवण्यात आले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. आज धरणाला अकरा वक्राकार दरवाजे आहेत, पण ते या पहिल्या बांधकामातले नाहीत. १९६१ मध्ये भिंतीचा एक भाग वाहून गेला आणि त्यानंतर तो नव्याने उभारला गेला. म्हणजे ज्या धरणाला आपण सरसकट दीडशे वर्षांचे म्हणतो, त्याचे काही भाग एकोणिसाव्या शतकातले आणि काही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत. वय मोजायचे तर कोणत्या भागाचे, इथपासूनच प्रश्न सुरू होतो.

हे धरण एकटेही नाही. त्याच्या वर तीन धरणे आहेत: आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर. उपयुक्त साठा पाहिला तर पानशेतचा १०.६५ टीएमसी, वरसगावचा १२.८२, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा अवघा १.९७ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. पुण्याच्या नळाला येणारे बहुतेक पाणी आणि हवेली, दौंड, इंदापूरकडे जाणारे कालव्याचे पाणी या साखळीतून येते. तिचा साठा वरच्या तीन धरणांत आणि तोटी खडकवासल्यात, अशी ही रचना आहे. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन या एका गोष्टीशी येऊन मिळते, म्हणून ती लक्षात ठेवावी.

भिंत पाण्यापुढे उभी कशी राहते?

दगडी धरण आपल्या वजनावर उभे असते. त्याच्या पोटात सळया नसतात आणि ते दोन्ही काठांना खिळलेलेही नसते. पाणी त्याला आडवे ढकलते, आणि स्वतःचे वजन त्याला पायाशी दाबून धरते. पाण्याचा हा रेटा जलाशय किती लांबवर पसरला आहे यावर अवलंबून नसून केवळ खोलीवर अवलंबून असतो. तीस मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ३० टन दाब पडतो आणि भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर एकूण सुमारे ४५० टनांचा आडवा रेटा येतो. हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर भिंत उलथवण्याची त्याची ताकद खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाण्याची उंची दहा टक्क्यांनी वाढली तर रेटा २१ टक्क्यांनी आणि उलथवण्याची ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. ठरलेल्या पातळीपेक्षा मीटरभर पाणी जास्त चढले तर अभियंते इतके अस्वस्थ का होतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आडव्या रेट्याचा हा हिशेब एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांना उत्तम ठाऊक होता. त्यांच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. पाणी भिंतीच्या पायाखाली आणि दगडांच्या सांध्यांमध्ये शिरते आणि तिथून भिंतीला वर उचलू पाहते. विहिरीतून पोहरा शेंदताना तो पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर येताच हाताला जड होतो. धरणाच्या भिंतीचेही तसेच होते. पायाखाली दाबाचे पाणी असेल तर भिंतीचे वजन प्रत्यक्षात असते त्यापेक्षा कमी भरते, आणि ज्या वजनाच्या भरवशावर ती उभी आहे तेच घटते. या दाबाला उत्थापक दाब म्हणतात. फ्रान्समधले बूझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्या दुर्घटनेनंतर उत्थापक दाबाचा विचार धरणाच्या आराखड्यात गांभीर्याने होऊ लागला. खडकवासला त्याआधी सोळा वर्षे बांधून झाले होते. मुंबईचे तानसा धरण १८९२ चे, म्हणजे तेही आधीचेच.

जुन्या दगडी धरणाबद्दल खरी शास्त्रीय शंका आहे ती ही. दगड झिजला, चुना जुना झाला या गोष्टी नंतरच्या. ज्या हिशेबाने भिंतीची जाडी ठरवली गेली त्या हिशेबातच एक आकडा कमी होता. याचा अर्थ अशी सर्व धरणे कमकुवत आहेत असा मात्र होत नाही. त्या काळचे अभियंते अनेकदा हात सैल सोडून बांधत, जागोजागी पाया उत्तम खडकात गेलेला असे, आणि जिथे शंका आली तिथे नंतर आधारही दिला गेला. खडकवासल्याच्याच मूळ भिंतीला खालच्या अंगाने मातीचा भराव टाकून टेकू देण्यात आला होता. पण प्रत्येक धरणाचा हिशेब आजच्या ज्ञानाने पुन्हा मांडावा लागतो, आणि तो केवळ कागदावर मांडून चालत नाही. पायाखाली दाब किती आहे हे भोके पाडून, त्यांत दाबमापक बसवून प्रत्यक्ष मोजावे लागते. नंतरच्या काळातल्या धरणांच्या पोटात एक बोगद्यासारखी वाट ठेवलेली असते, तिला गॅलरी म्हणतात. तिथे उतरून पाझर पाहता येतो आणि पायाखालचे पाणी नळ्यांवाटे काढून टाकून दाब उतरवता येतो. एकोणिसाव्या शतकातल्या धरणांना सहसा ही वाटच नसते.

गळती दिसते, म्हणजे धरण फुटणार का?

धरण गळते ही बातमी नाही. ज्या धरणातून थेंबभरही पाझर नाही असे धरण जगात नसेल, आणि एखाद्या धरणाचा पाझर अचानक शून्यावर आला तर अभियंता खूश होण्याऐवजी निचऱ्याच्या नळ्या बुजल्या की काय म्हणून धावत जातो. पाहायच्या गोष्टी तीन असतात: पाणी कुठून येते, किती येते आणि त्याच्याबरोबर काय येते.

भिंतीच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात ते चुन्याचे. भिंतीतून पाझरणारे पाणी सांध्यांतला चुना विरघळवून बाहेर आणते आणि हवा लागताच तो दगडावर साचतो. ओघळ जितका जाड, तितका त्या जागी आतला चुना कमी झालेला. हे काम वर्षानुवर्षे अत्यंत सावकाश चालते आणि भिंतीचे वजन व घट्टपणा दोन्ही खाते. त्यावरचा उपाय जुना आणि माहितीचा आहे: वरून भोके पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने आत भरायचे. याला ग्राउटिंग म्हणतात. मातीच्या धरणात हाच प्रश्न वेगळा आणि अधिक तातडीचा असतो. तिथे पाझर निवळ असेल तर काळजी थोडी, पण पाणी गढूळ येऊ लागले म्हणजे धरणाची माती पाण्याबरोबर निघाली, आणि मग हाताशी दिवस नसून तास असू शकतात.

किती पाणी येते हे मोजण्याचे साधन पाहिले तर कोणालाही आश्चर्य वाटेल इतके साधे असते. पाझराचे पाणी एका चरात गोळा करतात, चरात आडवी पत्र्याची फळी लावतात आणि फळीच्या वरच्या कडेला त्रिकोणी खाच ठेवतात. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते बाजूच्या पट्टीवर वाचायचे. वाचन सोपे आहे, पण त्याचा अर्थ लावताना गफलत होऊ शकते. काटकोनी खाचेत पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे साडेचार लिटर असतो, आणि उंची २० सेंटिमीटर झाली तर तो सुमारे २५ लिटर होतो. पट्टीवरचा आकडा दुप्पट झाला असता प्रत्यक्षात गळती साडेपाच पटींहून अधिक वाढलेली असते. शिवाय त्या दिवशी जलाशयाची पातळी काय होती आणि पाऊस होता का, हे सोबत नोंदवले नसेल तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. एका दिवसाच्या फोटोवरून धरणाची प्रकृती का सांगता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल. सारख्याच पातळीला गेल्या दहा वर्षांत पाझर किती होता, याची वही हवी. माझ्या मते जुन्या धरणाबाबत नागरिकांनी आणि पत्रकारांनी मागायची पहिली गोष्ट ही वही आहे. वयाचा दाखला नंतर मागावा.

याच साखळीतले टेमघर धरण या शतकाच्या सुरुवातीला पाणी अडवू लागले. त्याची गळती इतकी वाढली की २०१६ मध्ये अभियंते आणि कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, दुरुस्तीसाठी धरण रिकामे करावे लागले आणि ग्राउटिंगची मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. त्याच सुमारास त्याच्या खालचे, सव्वाशे वर्षांहून जुने धरण शहराला नेहमीसारखे पाणी देत होते. तरुण धरण निर्धोक आणि म्हातारे धरण धोकादायक, ही समजूत पुण्याच्या वेशीवरच खोटी ठरलेली आहे.

घुशी, खेकडे आणि जबाबदारी

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा फुटला आणि जनता वसाहतीच्या परिसरातल्या घरांत पाणी शिरले. तेव्हा घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण मंत्र्यांकडून पुढे आले. पुढच्या वर्षी, २ जुलै २०१९ रोजी, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास जीव गेले, आणि पुन्हा खेकड्यांचेच नाव घेतले गेले. महाराष्ट्र त्यावर पुष्कळ हसला. प्रत्यक्षात हे कारण शास्त्रीयदृष्ट्या हास्यास्पद नाही. मातीच्या भरावात प्राण्यांची बिळे ही धोक्याची मान्यताप्राप्त खूण आहे, आणि तपासणीच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना असतो. मात्र रकाना असल्यामुळेच ती सबब होऊ शकत नाही. बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. झाडी काढली, भरावावरून पायी फेरी मारली, ओल कुठे आहे ते पाहिले तर ते आधी सापडते. दगडी भिंत तर खेकडा पोखरू शकत नाही, त्यामुळे खडकवासल्याच्या भिंतीबाबत ती सबब उपलब्धही नाही. खडकवासल्यातून निघणारा कालवा मात्र मातीच्या भरावातून शहराच्या मध्यावरून जातो, आणि लोकांच्या चर्चेत धरणाच्या मानाने तो फारच कमी येतो.

मग १९६१ मध्ये काय झाले?

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. ते मातीचे धरण होते, नवे होते आणि पुरते बांधूनही झाले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच मोठा साठा झाला, भराव खचू लागला, आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही तो वाचला नाही. पानशेतचे सगळे पाणी खाली खडकवासल्यावर आले. तेव्हा खडकवासल्याची भिंत ८२ वर्षांची होती. पाणी तिच्या माथ्यावरून वाहू लागले, काही तास तिने ते सोसले आणि मग तिचाही एक भाग गेला. पुण्याच्या पेठा बुडाल्या, आणि शहराचा पाण्याचा मूळ स्रोतच वाहून गेल्यामुळे पूर ओसरल्यावर पिण्याच्या पाण्याचे हाल सुरू झाले.

या घटनेला पुणेकर पानशेतचा पूर म्हणतात ते योग्यच आहे, कारण जुने धरण म्हातारपणाने मेले नाही. ज्या पुरासाठी ते कधी बांधलेलेच नव्हते तो वरून त्याच्यावर कोसळला. म्हणून खडकवासल्याची सुरक्षितता तपासायची तर केवळ खडकवासल्याकडे पाहून भागत नाही. आज त्याच्या वर एकाऐवजी तीन धरणे आहेत आणि त्यांचा मिळून साठा २७ टीएमसीहून जास्त, म्हणजे खडकवासल्याच्या जवळजवळ चौदा पट आहे. खालच्या धरणाची प्रकृती वरच्या तिघांच्या प्रकृतीवर ठरते. टेमघरची गळती ही म्हणूनच केवळ टेमघरची बाब नव्हती.

पूर येण्याआधीच धरण रिकामे का करत नाहीत?

हा आक्षेप दर वर्षी येतो, आणि २५ जुलै २०२४ नंतर तो फारच तीव्र झाला. त्या दिवशी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सोडण्यात आला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे त्या दिवशी सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास पाणी नदीत उतरत होते. आता याची धरणाच्या क्षमतेशी सांगड घालून पाहा. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, ३५ हजार क्युसेकच्या प्रवाहाने तो सोळा तासांच्या आत संपतो. उलट तितकाच येवा, म्हणजे वरून येणारे पाणी, सुरू असेल तर पूर्ण रिकामे धरणही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरते. एवढ्या लहान भांड्यात घाटमाथ्यावरचा दोन-तीन दिवसांचा पाऊस थोपवता येत नाही. ते फार तर काही तासांची उसंत देऊ शकते.

ती उसंत मोलाची असते, हे नाकारण्याचे कारण नाही. इशारा कधी गेला, रात्री दरवाजे किती आणि कोणत्या वेळेला उघडले, हे विचारण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे. मात्र खरी जागा वरच्या धरणांत आहे, आणि तिथे दुसरी ओढाताण सुरू होते. जुलैतच ती रिकामी ठेवली आणि ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले तर पुढच्या उन्हाळ्यात शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागेल. म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याचे वेळापत्रक आखलेले असते. ते जुन्या पावसाच्या नोंदींवर आखले जाते, आणि अलीकडे पाऊस थोड्या दिवसांत एकवटून कोसळू लागल्याने ही वेळापत्रके नव्याने आखणे हे भिंतीच्या डागडुजीइतकेच सुरक्षेचे काम झाले आहे.

सांडव्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सांडवा म्हणजे जादा पाणी सुखरूप बाहेर जाण्याची वाट. तो किती मोठा हवा हे ठरवताना त्या पाणलोटात निसर्गनियमांनुसार जास्तीत जास्त किती पूर येऊ शकेल याचा अंदाज आज घ्यावा लागतो. जुन्या धरणांच्या वेळी मात्र हाताशी थोड्याच वर्षांच्या नोंदी होत्या. जगभर धरणे फुटण्याच्या प्रमुख कारणांत माथ्यावरून पाणी जाणे हे एक कारण आहे, आणि त्यात मातीचे धरण फार लवकर वाहून जाते. मुंबईच्या विहारचे बांध १८६० च्या सुमाराचे आणि मातीचे आहेत, तानसा दगडी आहे. दोन्ही ब्रिटिशकालीन म्हणून एकाच यादीत येतात, पण त्यांच्या बाबतीत भीती कशाची बाळगायची हे मुळातच वेगळे आहे.

भूकंप

दख्खनचे पठार भूकंपापासून मुक्त आहे असे एकेकाळी मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.५ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो समज संपला. कोयना धरण १०३ मीटर उंचीचे आणि तेव्हा नवे होते. ते उभे राहिले, पण जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीवर तिला आडव्या भेगा पडल्या. पुढे पोलादी तारा ताणून बसवून आणि मागून आधार बांधून ते बळकट करण्यात आले. त्याआधी बांधलेल्या धरणांच्या आराखड्यात भूकंपाचा विचार नसणे स्वाभाविक होते, म्हणून तो हिशेबही आता नव्याने करणे भाग आहे.

एवढी शंका आहे तर पाडून नवे का बांधू नये?

नवे धरण बांधायचे तर जुने रिकामे करावे लागते, आणि ज्या तोटीतून लाखो घरांचे पाणी येते ती काही वर्षे बंद ठेवता येत नाही. दुसरे असे की, जुने धरण बळकट करण्याचे तंत्र उत्तम अवगत आहे आणि महाराष्ट्रातच ते यशस्वी झालेले आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याला भेग पडल्याचे आणि पायथ्याशी मोठी गळती लागल्याचे आढळले. तेव्हा पाणी उतरवण्यात आले, खालच्या बाजूने आधारभिंती बांधण्यात आल्या, ताणलेल्या पोलादी तारांनी भिंत खडकाशी आवळण्यात आली, आणि ते धरण आजही दर पावसाळ्यात भरते. शंका वेळेवर आली, तिची दखल घेतली गेली आणि खर्च केला गेला, तर शंभरी ओलांडणे धरणाला अवघड नसते. अडचण असते ती नेहमीच्या देखभालीच्या पैशाची. नव्या धरणाचे भूमिपूजन होते आणि कोनशिला लागते; निचऱ्याची भोके साफ केल्याबद्दल किंवा दरवाजांचे रबर बदलल्याबद्दल कोणाचा फलक लागत नाही.

हे सगळे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

पंधरा मीटरहून उंच धरणे आणि काही अटींत बसणारी दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या धरण सुरक्षा कायद्याखाली येतात. देशात मोठ्या धरणांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक असल्याने या कायद्याचे सर्वाधिक काम महाराष्ट्रालाच आहे. राज्यात धरण सुरक्षेची संघटना नाशिकला आहे आणि ती या कायद्याच्या कितीतरी आधीपासून काम करते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, उपकरणे बसवून नोंदी ठेवणे, देखभालीसाठी पैसा राखून ठेवणे ही कामे कायद्याने धरणाच्या मालकावर टाकली आहेत. खडकवासल्याच्या साखळीत हा मालक राज्याचे जलसंपदा खाते आणि त्याचे महामंडळ आहे, तर तानसा, विहार, तुळशी ही धरणे मुंबई महापालिकेची आहेत. या फरकाचा व्यवहारात अर्थ असा की तानशाबद्दलचा प्रश्न महापालिकेच्या सभागृहात विचारता येतो, पण खडकवासल्याबद्दल पुणे महापालिकेला विचारले तर तिला बोट दुसरीकडे दाखवावे लागते. ती पाण्याची ग्राहक आहे, धरणाची मालक नव्हे.

याच कायद्यात दोन तरतुदी अशा आहेत की त्या जुन्या धरणांच्या बाबतीत निर्णायक ठरू शकतात. पहिली, स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून प्रत्येक धरणाचे सर्वंकष मूल्यमापन. त्यात वर सांगितलेले तिन्ही हिशेब, म्हणजे उत्थापक दाब, पूर आणि भूकंप, नव्याने मांडले जाणे अपेक्षित आहे. दुसरी, आपत्कालीन कृती आराखडा: धरणाला धोका झाला तर पाणी कुठे, किती वेळात आणि किती उंचीने पोहोचेल याचा नकाशा आणि कोणी कोणाला कळवायचे याची साखळी. अस्तित्वात असलेल्या धरणांसाठी दोन्हींना कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेरची मुदत आहे.

असे नकाशे प्रसिद्ध केले तर घबराट पसरणार नाही का?

अधिकाऱ्यांकडून हा आक्षेप हमखास येतो आणि बांधकाम व्यवसायाकडून तो न बोलता येतो. निळ्या आणि लाल पूररेषांचा पुण्याचा अनुभव पाहिला तर त्याला फारसा आधार सापडत नाही. पूररेषा नकाशावर असूनही तिच्या आत बांधकामे झाली, म्हणजे माहितीने लोक घाबरून पळाले नाहीत; उलट ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही किंवा पोहोचूनही कामी आली नाही. शिवाय पूररेषा आणि धरणफुटीचा नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूररेषा ठराविक वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते, तर धरणफुटीचे पाणी तिच्याही पलीकडे जाऊ शकते. सदनिका विकत घेणाऱ्याला पहिली रेषा विचारून मिळते. दुसरी मिळायला हवी, निदान नदीकाठच्या शाळा, रुग्णालये आणि अग्निशमन केंद्रे यांच्याकडे ती असायला हवी, आणि इशाऱ्याचा भोंगा वाजला तर कोणत्या रस्त्याने उंचावर जायचे याची रंगीत तालीम पावसाळ्याआधी व्हायला हवी. पानशेत फुटल्यानंतर पाणी शहरात पोहोचेपर्यंत मध्ये काही वेळ गेला होता, तरी पुष्कळ लोकांना पाणी दारात आल्यावरच कळले. धरणाच्या पायथ्याशीच केंद्र सरकारची जल व विद्युत संशोधन संस्था आहे, जिथे देशभरातल्या धरणांच्या प्रतिकृती बांधून पाण्याचे वागणे तपासले जाते. त्यामुळे पाणी कोणत्या गल्लीत किती मिनिटांत येईल हे काढण्यासाठी लागणारे ज्ञान पुण्याला बाहेरून आणावे लागणार नाही.